मार्गे तोगावा

मिनोहारा. आमचं घर.

रविवारी यांचा कोट धुवायला द्यायचा म्हणून खिसे रिकामे केले. सहा महिन्यांचा नवा रेल्वे पास निघाला. मिनोहारा ते शिओदा. खाली बारीक अक्षरांत: मार्गे तोगावा.

सव्वीस वर्षं हे इथून सरळ शिओदाला, ऑफिसात जातात. तोगावा उलट्या दिशेला. अठरा मिनिटं जास्त.

तोगावाला सानाए राहते. यांचं तिच्याशी लग्न ठरता ठरता मोडलं. दर नववर्षाला तिचं फोटोचं शुभेच्छापत्र येतं. पत्ता मी वाचते, डब्यात मीच ठेवते.

हिगाशिनो. जलद गाडी इथे थांबत नाही.

मीही थांबून यांना विचारलं नाही.

इनुइ. माझी बहीण तोकिए इथे राहते.

"ताई, अठरा मिनिटांत काय होतं गं? चहासुद्धा निवत नाही."

"रोजची अठरा आहेत."

"मग जा, डोळ्यांनी बघून ये. माझे कान खाऊ नकोस. आणि टोपी घाल, तुझे केस त्यांना लांबूनही कळतील."

"यांना? केस कापले तेव्हा चार दिवस कळलं नव्हतं."

तोगावा. सोमवार.

टोपी, मास्क. हे उतरले, पण बाहेरच्या दाराकडे गेलेच नाहीत. जिथून शिओदाची रिकामी गाडी सुटते त्या फलाटावर, पिवळ्या खुणेपाशी रांगेत उभे राहिले. दार उघडलं, बसले. मी समोर दांडी धरून, गर्दीआड.

शेजारी करड्या कोटातली एक बाई बसली. सानाए नव्हे. यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पुढच्या स्टेशनाआधी यांचं डोकं कलंडलं, ते तिच्या खांद्यावर. तिने पुस्तकाचं पान उलटलं. खांदा हलवला नाही. शिओदापर्यंत.

घरी गोळी घेऊनही यांचा डोळा लागत नाही.

सानाए असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता आलं असतं. खांद्याशी काय भांडणार?

तोगावा. मंगळवार.

रांगेत घुसले नाही, इथे कुणी घुसत नाही. तीन गाड्या सोडून देऊन पहिली उभी राहिले. हे मागे येऊन उभे राहिले तेव्हा मास्क काढला.

"तू? इथे?"

"पास पाहिला तुमचा."

"अगं, इथून बसायला मिळतं. जरा झोप होते."

"मग सांगितलं का नाही?"

"झोपेचं काय सांगायचं!"

गाडीत शेजारी बसलो. करडा कोट आज समोर उभा, हातात तेच पुस्तक.

"टेका ना डोकं."

"लोक बघतील."

"काल नव्हते बघत?"

यांनी डोकं टेकवलं. पण त्याला वजन नव्हतं. मान ताठ, पापण्या हलत होत्या.

"झोपलात?"

"हो."

इनुइ.

मी उठले.

"शिओदापर्यंत येत नाहीस?"

"तोकिएकडे जाते. झोपा तुम्ही."

करड्या कोटाने किंचित वाकून माझी जागा घेतली. मी फलाटावर उतरून वळले. घंटा वाजली, दारं लागली. काचेआड यांची मान सैल पडली होती. गाडी हलली, तशी मी खिडकीबरोबर चालत राहिले, डोकं कोणत्या बाजूला जातंय ते बघायला.