आरतीआधी उठत नाहीत

"आई, प्लीज. आता तरी बंद कर ते."

नॉरफोकच्या किनाऱ्यावर, कार पार्कमध्ये गाडी उभी. अनयच्या गळ्यात दुर्बीण, एक पाय बाहेर. माझ्या मांडीवर फोन, त्यावर पुण्याहून बुवांचं लाइव्ह कीर्तन. उत्तररंग सुरू होता. द्रौपदीची हाक कृष्णाच्या कानी जायची होती अजून.

"आरतीआधी उठत नाहीत, अनय. तू हो पुढे."

पण गुडघ्यामुळे मला वाळूत एकटीने चालवत नाही, हे त्याला ठाऊक. मला टाकून त्याला जाववेना. बसला स्टिअरिंगवर बोटं आपटत.

सगळी धडपड एका बारीक चोचीच्या कुरवासाठी, म्हणजे सीगलसाठी. हा पक्षी भूमध्य समुद्राकडचा. गेल्या वर्षी त्याच्यासाठी अनय सार्डिनियाच्या बीचवर गेला, आणि अख्खा आठवडा तापाने हॉटेलात पडून राहिला. आज तोच पक्षी वाट चुकून इथे आलाय, असा पक्षीवेड्यांच्या ग्रुपवर मेसेज आला. बर्मिंगहॅमहून आम्ही चहासुद्धा न घेता निघालो.

आरती झाली. त्याचा हात धरून वाळू तुडवत पोचले, तर लोक ट्रायपॉड मिटत होते.

"आत्ताच उडाला, मेट," त्याचा मित्र टोबी म्हणाला. "काय जवळ होता! पोटावर गुलाबी झाक!"

अनय नुसता दुर्बिणीच्या काचा पुसत राहिला. बापाची सवय, रागावला की गप्प.

"येईल रे परत."

"आई, तो काय बुवा आहे? रोज लाइव्ह यायला?"

दगडगोट्यांवर बसलो. वारा नुसता कानात घुसत होता.

"तो बघ, तो?"

"नाही."

"मग तो?"

"आई, ते कबूतर आहे."

टोबी गेला, बाकीचेही गेले. ऊन उतरलं. गुडघा ठणकायला लागला. त्यात आपल्यामुळे पोराचा पक्षी हुकला, ते वेगळंच ठणकत होतं.

शेवटी म्हटलं, "चल राजा, पुरे आता. गारठले मी."

त्याने अंगातलं जॅकेट काढून माझ्या खांद्यावर टाकलं. दुर्बीण मात्र डोळ्यांवरून हलली नाही.

"आरतीआधी उठत नाहीत, आई."

मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि रिकाम्या पाण्याकडे बघत बसले. द्रौपदीलासुद्धा बुवांनी एवढं ताटकळत ठेवलं नव्हतं.