गार पाण्यात धुतलेले मोजे

आमच्या लाँड्रीत लोकांच्या सुट्ट्या धुवायला येतात. कोण कुठे जाऊन आलं, ते मला पँटच्या पायांवरून कळतं. त्यात एक लाल चिखल असायचा, महाहट्टी. कितीही घासा, शिवणीत दडी मारून बसायचा. तो दूरच्या एका उष्ण देशातला. तिथे म्हणे लोक जंगलातून दिवसचे दिवस पायी चालतात, घामाने निथळतात आणि वर खूश होऊन परत येतात. दुसऱ्यांचा चिखल काढण्यात माझा जन्म गेला. एकदा तरी तो माझ्या कपड्यांवर उडावा, एवढंच माझं म्हणणं होतं.

नवऱ्याने ते मनावर घेतलं. आमच्या ह्यांचं आयुष्य इस्त्रीच्या टेबलामागे उभं राहण्यात गेलेलं. चालणं म्हणजे टेबलापासून कपाटापर्यंत. तरी तिकिटं काढली, बूट आणले. माझी धाकटी बहीण म्हणाली, "या वयात हे काय खूळ घेतलंस डोक्यात?" तिला मी असं काही सुनावलं, की पुन्हा तिने विषय काढला नाही.

बाहेर कडाक्याची थंडी होती. तिथला दमटपणा सोसायची सवय कशी करायची? युक्ती मीच काढली. इस्त्रीच्या खोलीच्या खिडक्या बंद करायच्या, बॉयलर चालू ठेवायचा, पाठीवरच्या सॅकमध्ये हॉटेलच्या ओल्या चादरी कोंबायच्या आणि टेबलाभोवती फेऱ्या मारायच्या. वाफेत समोरचा माणूस दिसायचा नाही. हे पुढे, मी मागे. "अहो, पाय उचला! जंगलात मुळं असतात!" असं मी ओरडायची. बूट पायाला रुळले पाहिजेत, म्हणून संध्याकाळपर्यंत काढायचे नाहीत, असा माझा हुकूम होता. ह्यांची काय बिशाद मोडायची.

माझ्या पायांच्या बोटांना लवकरच टरारून फोड आले. मी चिकटपट्ट्या लावून लंगडत होते आणि हे आपले ठणठणीत.

"बघ," छाती फुगवून म्हणाले, "तुझे पाय नाजूक. मला काहीसुद्धा जाणवत नाही."

माझा नुसता जळफळाट झाला.

जायचे दिवस जवळ आले तेव्हा एका सकाळी बॉयलरमागच्या नळीवर मला ह्यांचे मोजे वाळत घातलेले दिसले. हाताने पिळलेले. दिवसभर मशिनं घरघरतात अशा घरात मोजे हाताने कोण धुतं? मी ते हातात घेतले. मिठाने कडक झाले होते. मीठ आणि गार पाणी आमच्याकडे एकाच डागासाठी वापरतात, रक्ताच्या. मोजा उजेडात धरला. अंगठ्यापाशी फिकट तपकिरी कडं राहिलं होतं.

"अहो, बूट काढा."

"आत्ता? गिऱ्हाईक येईल."

"येऊ दे. काढा म्हणते ना."

अंगठ्याखाली जखम होती, खोल. भोवतीची कातडी पांढरी, भिजून लिबलिबीत झालेली. तिला वास येत होता. ह्यांना साखरेचा आजार आहे. गोळी घेतात, चहा बिनसाखरेचा पितात, म्हणजे सगळं झालं, अशा समजुतीत आम्ही दोघंही होतो.

"एवढं होईपर्यंत तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"दुखत नाही गं. दुखलं असतं तर बोललो असतो." मग मान खाली घालून म्हणाले, "आणि तू किती खुशीत होतीस."

मी दुकान उघडं टाकून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले. "मी टाचणी टोचते. कळलं की सांगा." त्यांनी टाचेला टोचलं. मग तळव्याला, मग एकेका बोटाला. हे शहाण्या मुलासारखे डोळे मिटून बसले होते.

थोड्या वेळाने म्हणाले, "करा ना सुरू."

बाईंनी टाचणी खाली ठेवली. दुसऱ्या पायाचंही तेच झालं.

"दुखत नाही हेच वाईट आहे," त्या म्हणाल्या. "हा पाय दिवसभर ओल्या बुटात होता का?"

"हो," मी म्हटलं. "मी ठेवायला लावला होता."

अंगठा वाचेल की नाही ते सांगता येत नव्हतं. प्रवासाचं नाव काढायचं नव्हतं. "पुढच्या वर्षी तरी?" ह्यांनी विचारलं. बाई पट्टी गुंडाळत राहिल्या.

निघताना हे माझ्या खांद्याला धरून उठले. सगळा भार दुसऱ्या पायावर आला. त्या पायातला बूट नेमका माझ्या फोडांवर पडला होता. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. ह्यांना पत्ताच नव्हता.

"तू जा," ते माझ्या कानाशी म्हणाले. "बहिणीला घेऊन जा. चिखलाचे कपडे आण, मी धुतो."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अगं, एवढं रडतेस काय? मला कुठे दुखतंय?"

"नाही ना," मी म्हटलं, आणि ते सावरेपर्यंत त्यांच्या बुटाखालचा माझा पाय तसाच राहू दिला.