ज्वालाची शोकसभा

ज्वाला गेली तेव्हा तिच्याजवळ फक्त हवालदार जयराम किणी होते. पोलिसांच्या श्वानपथकातली ही डॉबरमन कुत्री आठ वर्षं त्यांच्याबरोबर चोरांचा माग काढत हिंडली होती. निवृत्तीनंतर खात्याने तिला त्यांच्याच बोळिंजच्या घरी राहू दिलं. जयरामनी तिला परसातल्या शेवग्याखाली पुरलं.

तिसऱ्या दिवशी समाजसेवक सदानंद गोठणकर दारात हजर. निवडणूक दोन महिन्यांवर आली होती.

"किणी, आपली ज्वाला गेली आणि मला कळवलंही नाहीत?"

'आपली' हा शब्द ऐकून जयरामांची बायको जिजा चहा टाकायला आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

रविवारी मैदानात शोकसभा भरली. फलकावर गोठणकर पुरुषभर उंचीचे, हात जोडून. खालच्या कोपऱ्यात ज्वाला म्हणून भलत्याच अल्सेशियनचा फोटो. जयरामनी ते दाखवलं तर कार्यकर्ता म्हणाला, "काका, कुत्रा आहे एवढं कळलं म्हणजे झालं."

एका वक्त्याने ज्वालाला 'वीरमाता' म्हटलं. तिला पिल्लं कधी झालीच नव्हती. दुसऱ्याने तिच्या अंगी गोठणकरांचेच गुण होते, असं सांगितलं. दोन मिनिटांची शांतता पाऊण मिनिटात आटोपली, कारण गोठणकरांचा मोबाइल वाजला.

मग त्यांनी जयरामना माइकपाशी बोलावलं. "हवालदार, दोन शब्द. दोनच हं."

जयराम कधी सभेत बोलले नव्हते. समोर पापडीचे बागायतदार ॲन्सेल्म तुस्कानो बसलेले दिसले. हारांची फुलं पोचवायला आले होते, ते थांबले होते. त्यांना पाहून जयरामना एकच गोष्ट आठवली.

"तीन वर्षांपूर्वी या ॲन्सेल्मभाऊंच्या वाडीतून पाण्याच्या दोन मोटारी चोरीला गेल्या," ते म्हणाले. "ज्वालाने विहिरीवरचा दोर हुंगला आणि थेट गेली ती रस्त्यापलीकडच्या गोदामापाशी. तिथे बसली. ओढलं तरी उठेना. गोदाम गोठणकरसाहेबांचं होतं. कुलूप कुणी उघडलं नाही. कागदावर लिहिलं गेलं, गोदामातल्या सुकटाच्या वासाने श्वान भरकटले. त्यानंतर तिला तपासाला नेणंच बंद झालं." ते माइकपासून मागे सरले. "ती भरकटली नव्हती. एवढंच."

मैदान चिडीचूप. खरी शांतता आता पडली होती.

गोठणकर उठले, तेही डोळे पुसत. माइक घेऊन म्हणाले, "बघितलंत? माझं गोदाम आहे म्हणूनसुद्धा तिने भीड ठेवली नाही! असा निःपक्षपातीपणा आज कुठे आहे? मी जाहीर करतो, या मैदानासमोरच्या चौकाला ज्वालाचं नाव देणार!"

टाळ्या कडाडल्या. जयराम मंचावरून उतरले तेव्हा कोणीतरी त्यांचीही पाठ थोपटली, "छान बोललात."

गोठणकर निवडून आले. चौकात पुतळा बसला, अल्सेशियनचा.

पण सभेनंतर चार दिवसांनी ॲन्सेल्म केळ्यांचा लोंगर घेऊन बोळिंजला आले. सकाळी विहिरीवर दोन्ही मोटारी ठेवलेल्या सापडल्या होत्या. नवा हिरवा रंग फासलेल्या.

"चालतात?" जयरामनी विचारलं.

"एक चालते. दुसरीचं तांबं काढून घेतलंय." ॲन्सेल्म हसले. "तेव्हा मलाही वाटलं होतं, कुत्री म्हातारी झाली. तसं मी चारचौघांत बोललोसुद्धा. कुठे ठेवलंय तिला?"

जयराम त्यांना परसात घेऊन गेले. ॲन्सेल्मनी टोपी काढली, कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली आणि मग कुत्रीसाठी ही चालते की नाही, अशा शंकेने जयरामांकडे पाहिलं.

"चालतं हो," जयराम म्हणाले आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांना रडू फुटलं.