अकरावी खूण

कारखान्याच्या फाटकावर तेहतीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाला निवृत्तीनंतर हजेरी घ्यायला एक नात तेवढी उरली होती. भिंगरीची शाळा सुरू व्हायला तीन आठवडे राहिले, तेव्हा हजेरीमास्तरांनी रेघांची वही काढली आणि अकरा कामं लिहिली. बूट आपले आपण घालणे. नळ बंद करणे. शू लागली तर वेळेवर सांगणे. शेवटचं, परक्या माणसाशी न घाबरता बोलणे. जमलं की पुढे लाल खूण.

"बाबा, चार वर्षांची आहे ती. कामावर नाही रुजू व्हायची," सून म्हणायची.

"तुझ्या नवऱ्याला असं शिकवलं नाही, म्हणून तो अजून मोजे शोधत फिरतो."

मोजे खरोखरच रोज हरवत.

दहा खुणा भराभर झाल्या. अकरावी काही होईना. घरात चुरुचुरु बोलणारी भिंगरी बाहेरचं कुणी दिसलं की मूग गिळून बसे. मग मास्तरांनी युक्ती काढली. कोपऱ्यावरच्या बेकरीत तिला एकटीला पुढे धाडायचं आणि आपण दहा पावलं मागे, विजेच्या खांबाआड उभं राहायचं. पहिल्या दिवशी ती रडत परतली. चौथ्या दिवशी पाव घेऊन आली. आठव्या दिवशी तर तिने बेकरीवाल्यालाच सुनावलं, "काका, कालचा पाव शिळा होता हं!"

नवव्या दिवशी बेकरीच्या बाकावर राखाडी टोपीवाला एक माणूस बसला होता. तो वाकून तिच्याशी बोलू लागला. मास्तर पुढे होणार, इतक्यात त्यांनी पाहिलं, पोरगी डोळ्याला डोळा भिडवून फडाफड उत्तरं देतेय. त्यांची छाती फुगली. मोजून पाच मिनिटं ते खांबाआडच राहिले. घरी येऊन अकरावी खूण केली, जरा मोठीच.

संध्याकाळी जेवताना वही ताटांवरून फिरली आणि मास्तरांनी टोपीवाल्याचा किस्सा सांगितला.

"काय विचारलं गं त्या काकांनी?" सुनेने सहज विचारलं.

"नाव. मग पत्ता. मी मजलापण सांगितला."

"शाब्बास!" मास्तर म्हणाले.

"मग घरी कोण असतं. मी म्हटलं, आई-बाबा सहाला येतात. आजोबा असतात, पण ते जेवून झोपतात."

सुनेचा घास हातातच राहिला. "आणखी?"

"किती वेळ झोपतात. मला घड्याळ येत नाही ना, म्हणून सांगितलं, बाहुलीची दोनदा अंघोळ होईपर्यंत." भिंगरी पाणी प्यायली. "आणि दार कोण उघडतं. मी म्हटलं, मीच! स्टुलावर चढून."

मुलगा उठून दाराची कडी बघून आला.

"बाबा, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच होतो," मास्तर म्हणाले. कुठेतरी लांब होतो असं म्हणता आलं असतं, तर त्यांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आडवे झाले नाहीत. भिंगरीचं बोट धरून थेट बेकरीवर गेले. टोपीवाला बाकावरच होता. त्याने मास्तरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि हसला.

"काय मास्तर, आज झोपला नाहीत?"

फाटकावर भल्याभल्यांना घाम फोडणारा आवाज मास्तरांनी घशातून ओढून काढला. "तुमचं नाव काय? राहता कुठे?"

"मला कुणी शिकवलंच नाही हो सांगायला," टोपीवाला म्हणाला. अंग झटकून उठला आणि घाई न करता त्यांच्याच गल्लीकडे चालू लागला.

"कोण हा?" मास्तरांनी बेकरीवाल्याला विचारलं.

"अहो, तुमचाच पाहुणा ना? घरातलं सगळं माहीत आहे की त्याला!"

"आधी माझ्या सुनेला फोन लावा. आत्ताच्या आत्ता."

बेकरीवाला फोन शोधेपर्यंत टोपीवाला गल्लीच्या तोंडाशी थांबला. वळला. हात वर करून बोटांनी भिंगरीला बोलावू लागला.

मास्तरांनी तिचं मनगट घट्ट आवळलं. भिंगरी दोन्ही हातांनी ते सोडवू लागली.

"सोडा ना आजोबा! मी माझी जाते."