साडेचारशेची बाटली

माझ्या सुनेने चष्मा सोडला तेव्हाच मी म्हटलं होतं, हे थेर आपल्या घरात चालायचे नाहीत. चालले नाहीतच. पण ते ज्या तऱ्हेने संपले त्यात माझा हात होता, आणि तो कसा होता हे मी लिहून काढते आहे, कारण ऐकून घ्यायला आता घरात कोणी तयार नाही.

मी सिंधुबाई. निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली वीस वर्षं सातवीचं विज्ञान. निवृत्त झाल्यावर पाथर्डी फाट्याला मुलाकडे, हर्षलकडे, राहायला आले. हा फ्लॅट माझ्या फंडाच्या पैशातून झाला आहे. हे मी रोज बोलून दाखवत नाही, आठवड्यातून एकदा पुरतं.

सून साक्षी. सटाण्याकडची. अंबडच्या एका कारखान्यात तपासणीला आहे, पितळेचे बारके भाग भिंगाखाली धरून चरे शोधायचं काम. दोन वर्षं कंत्राटावर होती आणि या दिवाळीआधी तिला कायम करणार होते. त्याच्या आधी कंपनीची वैद्यकीय तपासणी, त्यात डोळे सगळ्यात महत्त्वाचे. तिचं म्हणणं असं की कामावर सुरक्षेचा गॉगल घालावा लागतो, तो चष्म्यावर नीट बसत नाही, वाफ धरतो आणि चरे नजरेतून सुटतात. म्हणून लेन्स. मला हे पटलं नाही. बाईला कारण लागतं, ते कुठूनही सापडतं.

"किती पडले?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"माझ्या पगारातून घेतल्यात, आई."

"ते मी विचारलं नाही."

तिचा नंबर साडेपाच, त्यात सिलिंडरचाही नंबर. सिलिंडरच्या लेन्स महाग. दोन्ही डोळ्यांच्या तीन महिन्यांच्या अठ्ठेचाळीसशे. शिवाय त्या ज्यात भिजत घालायच्या त्या सोल्यूशनची बाटली साडेचारशेला, ती महिन्यात संपते. मी कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला आणि जेवताना वाचून दाखवला. वर्षाचे चोवीस हजार सहाशे. माझ्या चष्म्याची फ्रेम अकरा वर्षांची आहे, फक्त काचा बदलते.

"लय झालं आता, आई," हर्षल म्हणाला. "तिचे पैसे आहेत."

"घर एक आहे ना? का तेही वेगळं केलंय?"

साक्षी ताट उचलून आत गेली. भांडायची तिची पद्धत हीच. एक शब्द बोलायचा नाही आणि समोरच्याला खोटं पाडायचं. मला त्याची चीड यायची, आणि खरं सांगायचं तर तिचीच चीड यायची. चष्म्यात ती खाली मान घालून वावरायची. लेन्स लावल्यापासून बोलताना सरळ माझ्या तोंडाकडे बघायला लागली होती.

रोज संध्याकाळी कामावरून आली की ती बेसिनपाशी उभी राहायची. लेन्स काढायची, तळहातावर घेऊन चोळायची, डबीतलं कालचं सोल्यूशन ओतून द्यायची आणि नवीन भरायची. रोज. चांगलं, स्वच्छ, पारदर्शक, एका रात्रीचं. मी एकदा तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

"कालचंच आज चालत नाही का?"

"नाही चालत."

"का नाही चालत?"

"जंतू होतात, आई. जाऊ द्या. तुम्हाला नाही कळणार ते."

मला नाही कळणार. ज्या बाईने वीस वर्षं पोरांना फळ्यावर अमिबा काढून दाखवला तिला जंतू कळणार नाहीत. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

आमच्या घरात कुठलीही बाटली एकदम संपत नाही. शाम्पू तळाला गेला की पाणी घालून हलवायचा, भांड्यांच्या साबणात पाणी, फरशीच्या औषधात पाणी. माझ्या आईने तसंच घर चालवलं आणि मीही तसंच चालवलं. तिसऱ्या दिवशी साक्षी कामावर गेल्यावर मी ती पांढरी बाटली उचलून बघितली. निम्मी झाली होती. मी अडाणी नाही, नळाचं पाणी घातलं नाही. उकळून गार केलेलं घातलं, दोन बोटं, झाकण लावून हलवलं आणि होती तशी ठेवली.

काटकसर म्हणून केलं की तिची जिरवायची म्हणून, हे आज मलाही नीट वेगळं करता येत नाही. दोन्ही होतं. महिनाभर तिला काही कळलं नाही. मी दर आठ दिवसांनी थोडं थोडं घालत राहिले. ती बेसिनपाशी ते पाणी ओतून द्यायची आणि मी स्वयंपाकघरातून बघायचे. कळत नाही म्हणे मला. मला त्यात सुख व्हायचं, हे मी लपवत नाही.

मग एका सोमवारी तिचा उजवा डोळा लाल झाला.

"डोळे आलेत," मी म्हटलं. "गॉगल लाव आणि माझ्या टॉवेलला हात लावू नको."

बुधवारपर्यंत तिला उजेड सोसेना. खोलीचे पडदे ओढून ती डोक्यावर ओढणी घेऊन बसली. तिच्या आईचा फोन आला तर म्हणाली, "काही नही माय, बरं शे." मला तेवढी अहिराणी कळते. डोळ्यातून पाणी गळत होतं आणि ती बरं शे म्हणत होती.

हर्षल आम्हा दोघींना कॉलेज रोडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मी सोबत गेले, कारण किती पैसे काढतात ते मला बघायचं होतं. डॉक्टर बाई होत्या, तरुण, कडक. यंत्रातून बघून म्हणाल्या की बुबुळाला जखम आहे, पांढरा ठिपका पडलाय. मग त्यांनी विचारलं, "लेन्स पाण्याने धुतल्या होत्या? लेन्स घालून अंघोळ? पोहायला?"

"नाही."

"डबी नळाखाली धुता?"

"नाही, मॅडम. सोल्यूशननेच. रोज नवीन घालते."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मी पर्स मांडीवर घट्ट धरून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत बसले.

"मग लेन्स घालून झोपली असशील," हर्षल म्हणाला.

"नाही झोपले रे."

"काहीतरी केल्याशिवाय असं होतं का? डॉक्टर काय खोटं बोलतात?"

आणि मी तिथे गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणाले, "मोबाईल बघत पडते लोळत. डोळा लागत असेल." हर्षलने मान डोलावली. साक्षीने माझ्याकडे बघितलं, एका उघड्या डोळ्याने. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि सांगितलं की चार दिवसांनी या, येताना लेन्सची डबी आणि सोल्यूशनची बाटली घेऊन या, तपासणीला पाठवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली तेव्हा मी कचऱ्याबरोबर ती बाटली दिली. डबीही दिली. वर जिना चढताना मी स्वतःला सांगितलं की चांगलं उकळलेलं पाणी होतं, त्याने काय होतंय. हिच्याच हातांचा काहीतरी घाणेरडेपणा असेल.

साक्षीने बाटली शोधली. डोळे मिटूनच चाचपडत शोधली, बेसिनखालच्या कपाटात हात घालून.

"आई, माझी बाटली?"

"संपली होती. टाकली."

"संपली नव्हती. अर्ध्याच्या वर होती."

"मग मी खोटं बोलते का?"

हर्षल दाढी करत होता. तो आरशातूनच म्हणाला, "साक्षी, एवढ्या तेवढ्यावरून आईशी वाद घालू नको. स्वतःची चूक आधी बघ." ती कपाटाचं दार लावून खोलीत गेली. मी जिंकले होते.

ते चार दिवस वाईट गेले. थेंबांनी काही फरक पडेना. ती दुखण्याने कण्हायची आणि मी आत गेले की गप्प व्हायची. शनिवारी तिने हर्षलला कंपनीत फोन करायला लावला, तपासणी पुढच्या आठवड्यात ढकलता येईल का म्हणून. तिकडून साहेब म्हणाला की यादीत दुसरी एक मुलगी आहे, फार थांबता येणार नाही. साक्षीने तो फोन स्पीकरवर ऐकला. त्यानंतर ती कण्हलीसुद्धा नाही.

सोमवारी पुन्हा डॉक्टरांकडे. त्यांनी साक्षीचा डावा डोळा झाकायला लावला आणि तिच्यासमोर, हातभर अंतरावर, तीन बोटं धरली.

"किती बोटं आहेत?"

साक्षीने मान थोडी पुढे केली, मग बाजूला वळवली. "हात समोर धरलाय का तुम्ही, मॅडम?"

डॉक्टरांनी हात खाली घेतला. त्या हर्षलला म्हणाल्या, "मी दिलेलं औषध लागू पडत नाहीये. पाण्यात एक जंतू असतो, तो असेल तर औषधच वेगळं लागतं, आणि ते महिनोन्महिने घालावं लागतं. पण या म्हणतात पाण्याचा संबंधच नाही, आणि बाटली, डबीही फेकली गेली. जखमेचा नमुना पाठवलाय, उत्तर यायला वेळ लागेल. तोवर जखम अशीच पसरली तर बुबुळ बदलायची वेळ येईल. मला कोणीतरी खरं सांगत नाहीये."

"साक्षी, खरं सांग ना," हर्षल ओरडला. बाहेरचे पेशंट आत बघायला लागले. "डोळा जाईल तुझा. कोणाला वाचवतेस?"

ती रडायला लागली. दुखत्या डोळ्यातून रडताना तिला आणखी दुखत होतं ते दिसत होतं. "मी नाही पाणी लावलं. आईशपथ नाही लावलं. तू का विश्वास ठेवत नाहीस?"

"बाटलीत पाणी मी घातलं," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. वर्गात हजेरी घेताना निघायचा तसा. डॉक्टर माझ्याकडे वळल्या.

"कसलं पाणी?"

"उकळून गार केलेलं."

"कशात गार केलं?"

"माठात. आम्ही उकळून माठात ओततो."

"माठ किती दिवसांनी घासता?"

तो माठ उन्हाळ्यापासून घासला नव्हता.

"किती वेळा घातलं?"

"चार वेळा. पाच असेल."

त्यांनी ते सगळं लिहून घेतलं. नवीन औषध लिहिलं, मुंबईहून मागवावं लागेल म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत सोय करते. जागेपणी दर तासाला एक थेंब, एकही चुकवायचा नाही. डोळा वाचेल, पण बुबुळावर डाग राहील. पहिल्यासारखी नजर येणार नाही. भिंगाखालचं काम विसरा.

घरी आल्यावर हर्षल खुर्चीत बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू बाटली टाकून दिलीस. ती शोधत होती आणि मी तिलाच बोललो." मग तो उठून गॅलरीत गेला. माझ्या पोराने त्यानंतर मला आई म्हणून हाक मारलेली नाही.

कंपनीने शुक्रवारी दुसऱ्या मुलीला घेतलं.

त्याच दिवशी सकाळी हर्षल साक्षीला म्हणाला, "इतके दिवस रजा काढून मीच थेंब घातले, आता मला सुट्टी शिल्लक नाही. दर तासाला थेंब घालायला माणूस हवं. तुझ्या आईला सटाण्याहून बोलावून घेऊ, नाहीतर तुला तिकडे सोडतो. इथे या बाईबरोबर कशाला राहतेस?"

या बाईबरोबर. माझ्याच हॉलमध्ये. पण मला तेव्हा आशा वाटली, हेही लिहून टाकते. ती गेली असती तर मी दार लावून पडून राहिले असते. तो डोळा मला बघावा लागला नसता.

"माझ्या मायला काही सांगायचं नाही," साक्षी म्हणाली. "मी कुठे जाणार नाही."

"अगं, पण थेंब कोण घालणार?"

तिने डोळे मिटूनच मान माझ्या चाहुलीच्या दिशेने वळवली. मी काही बोलले नव्हते, श्वास घेतला असेन.

"या घालतील. मी गेले तर या सुटतील. यांनी सुटायचं नाही. रोज, दर तासाला, जवळ येऊन बघायचा डोळा. सहा महिने लागू देत नाहीतर वर्ष."

मला तिचा राग आला. इतका, की कानशिलं तापली. माझ्या घरात, माझ्याशी, असं. उत्तर तोंडापर्यंत आलंही होतं. पण हर्षल माझ्याकडे बघत होता, आणि त्या रागाला टेकायला माझ्याकडे एकही खरी गोष्ट नव्हती.

"नऊ वाजले," साक्षी म्हणाली आणि सोफ्यावर आडवी झाली. "हात धुऊन या. साबणाने, मला नळाचा आवाज ऐकू येईल असे."

मी धुतले. आले. तिने स्वतःच्या बोटांनी पापणी वर ओढून धरली. काळ्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग होता आणि भोवती सगळं लाल. पहिला थेंब गालावर पडला.

"पुन्हा," ती म्हणाली.