भागिरथाची वंशावळ

"बापाचं नाव सांग," रामसिंग भाट म्हणाला आणि टाक शाईत बुडवून थांबला.

"आमा हिजड्यायमंदी बाप नसते भाटबुवा, गुरू असते," भागिरथा म्हणाली. "तेच लिवा."

कारंज्याच्या कापूसबाजारामागे निंबाखाली दुपार पेंगत होती. मोठा दुष्काळ सरला तसा रामसिंग पुन्हा पोथ्या घेऊन फिरू लागला होता. घराघरांच्या पिढ्या वाचायच्या, नवी नावं चढवायची, हा त्याचा वाडवडिलांपासूनचा धंदा. मूलबाळ नसलेल्याच्या नावाखाली तो आडवी रेघ मारी. वंश तिथं संपला. भागिरथाच्या जन्मघरच्या पानावर तिच्या भावानं, शेषरावानं, ती रेघ केव्हाच मारून घेतली होती. ते दुःख तिनं गिळलं होतं. पण गेल्या पोळ्याला गुरू चतुराबाई गेल्या, त्या जाताना म्हणाल्या, "नावं बुडू देऊ नको व माय." सात गुरूंची नावं आता हिच्याच जिभेवर, आणि जीभ तर हल्ली दगा देत होती.

"असं माह्या बापानं कदी लिवलं नाई," रामसिंग कुरकुरला.

"त्यायले सांगाले कोनी गेलंच नसंन."

रामसिंग हसला. हसला तो फसला. "सांग मावशी."

भागिरथानं डोळे मिटले. लिलाबाई. मनकर्णाबाई. एकेक नाव घेतलं की सावलीत कुणीतरी अलगद येऊन बसत होतं. कुणाच्या पायात चाळ, कुणाच्या मांडीवर पानाचा डबा. चार जणी आल्या. पाचवीची जागा रिकामीच राहिली. गेली, आपल्या हातानं बुडवली!

"दुर्गाबाई," मागून हलकेच आवाज आला. तांदूळ निवडत बसलेली तिची चाळिशीतली चेली, हेमला. "पोहरादेवीच्या जत्रेत ढोलकी वाजवे, ते."

"तुले कोनं शिकवलं?"

"तुमीच भाकर थापताना रोज म्हनता ना, गुरुमाय."

दुर्गाबाई येऊन बसल्या. मग सहावी आली. मग चतुराबाई, खोकत, नेहमीसारख्या. शेवटी भागिरथाचं नाव चढलं. रामसिंगचा हात सवयीनं रेघेकडे वळला. भागिरथानं डोळे उघडले.

हात थांबला. रामसिंगनं हेमलाकडे पाहिलं.

"हिचं नाव काय, मावशी?"

ते नाव लिहून झाल्यावर त्याखाली त्यानं चार बोटं जागा कोरी सोडली. शाई अजून ओली होती. भागिरथा पुढं सरकली आणि पदरानं वारा घालत बसली.