कोचीला तार पुसत नाहीत

दीपाने ओलं फडकं तारेवर धरलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेलं. फडकं काळंकुट्ट झालं. वणीत कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर घर असलं की कपडे वाळत घालण्याआधी तार पुसावी लागते. न पुसता घातले तर पुन्हा धुवा.

“कोचीले तार पुसाच नाही लागत,” मथुराबाई दारातल्या खाटेवरून म्हणाल्या.

दीपाने फडकं पिळलं. आईचं हे रोजचंच. गेल्या वर्षी पावसाळाभर त्या धाकटीकडे, पायलकडे, कोचीला राहून आल्या आणि तेव्हापासून ते शहर या घरात पाहुण्यासारखं येऊन बसलं होतं. उठायचं नाव घेत नव्हतं. वरणात मीठ जास्त झालं की कोची, कूलर घरघरला की कोची. तिथं भिंतीतूनही झाड उगवतं. तिथं बाराही महिने हिरवं.

“आन हा पाहा,” मथुराबाईंनी अंगणातल्या कडुलिंबाकडे हात केला. “हिरवा हाये का काळा, काही समजते का?”

तो लिंब दीपाने लग्नानंतर स्वतः लावला होता. बाबा गेल्यापासून आई तिच्याकडेच होती. गुडघ्यांना तेल दीपाने चोळायचं, दवाखान्यात दीपाने न्यायचं आणि गोडवे गायचे ते कोचीचे. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. पण म्हण माहीत असली म्हणून जळणं थोडंच थांबतं?

त्यात बुद्धपौर्णिमेला पायल येणार होती आणि जाताना आईला कायमचं घेऊन जाणार होती. गुडघ्यांचं कारण पुढे करून आईला अडवायचं, असं दीपाने मनाशी पक्कं केलं होतं. जायचंच असेल तर आईने एकदा, निदान एकदा, या घराला चांगलं म्हणून जावं. उगाच कोण हरून बसेल?

पायल आली. मथुराबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“पाहा दीपा, कशी टवटवीत झाली! हवापाण्याचा फरक हाये.”

दीपाने आपले रापलेले हात पदराआड घेतले आणि चहा टाकायला गेली.

पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघी बहिणी कुरड्या घालायला स्लॅबवर चढल्या. दीपा सोऱ्या दाबत होती, पायल वर पातळ साडी ताणत होती, कोळशाची धूळ बसू नये म्हणून. तारेवर पायलने बॅगेतले सगळे कपडे पसरले होते.

“धुतलेले कपडे काहून वाळू घातले वं?”

“वास घेऊन पाहा.”

दीपाने एका ब्लाउजला नाक लावलं. कुबट वास आला.

“पंख्याखाली वाळवतो आम्ही,” पायल म्हणाली. “पाऊस लागला का हप्ता हप्ता ऊन दिसत नाही. चपलेवर बुरशी, डब्यात मिठाचं पाणी. हिरवं हिरवं म्हणते लोक. त्या हिरव्याची किंमत आमाले माहीत.”

दीपाला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं. खोटं कशाला बोला?

“आईले तर लय आवडलं,” ती म्हणाली. “उठता बसता तुहं कोची.”

पायलच्या हातातून साडीचं टोक सुटलं.

“आईले? ताई, आई तिथं होती तोवर मी रोज वणी आयकली. दीपाच्या घरी घंट्याभरात साडी वाळते. दीपाच्या कुरड्या कशा कडक. दीपासारखं तेल लावाले तुले जमतच नाही. एक दिवस तर मी बाथरूममदी जाऊन रडली.”

दीपाचा सोऱ्या तसाच हवेत राहिला.

“मंग मले काहून नाही सांगतलं?”

“मले वाटलं, तुह्या तोंडावरही तेच म्हणत असन. का पायलपेक्षा तू बरी. माहा जीव जळे.”

दीपाने मान खाली घातली.

“लिंबाचं काही बोलली का?” तिने हळूच विचारलं.

“लिंबाचं तर विचारूच नको!”

तेवढ्यात खालून मथुराबाईंचा आवाज आला.

“अवं पोरीहो, कायले उन्हात मरता? कोचीले ताजे केळाचे चिप्स भेटते!”

पायल तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. दीपालाही हसू आलं. तिने सोऱ्या पुन्हा दाबायला घेतला.

गुडघ्यांचं कारण तिने काढलंच नाही. आईची बॅग तिनेच भरली. वर कुरड्यांचा डबा ठेवला, त्याखाली उन्हाने गरम झालेली पांढरी साडी. बल्लारशाला गाडी सुटेपर्यंत मथुराबाई कोचीच्या केळीच्या पानांबद्दल बोलत होत्या. दीपा हो हो म्हणत होती.

मृग लागला, पण वणीत थेंब नाही. दीपा तार पुसत असताना फोन वाजला.

“ताई, बोलू नको,” पायल दबक्या आवाजात म्हणाली. “फक्त आयक.”

आधी पाऊस ऐकू आला, पत्र्यावर कोसळणारा. मग लांबून आईचा आवाज.

“याले का हिरवं म्हणते? नुसतं शेवाळ! दोन दिवस झाले, साडी वली ते वलीच. आमच्या वणीले पाहा. दीपाच्या दारात लिंब हाये, भर उन्हाळ्यात हिरवागार. टँकर येत होता तवा पोरीनं आपल्या आंगधुनीचं पाणी वाचवलं, पण त्याले पाजलं. जमन का कोनाले?”

पायलने फोन बंद केला.

दीपाने फोन खाली ठेवला. हातातलं फडकं काळं होतं, लिंबाची पानंही काळीच होती. आई इथं असती तर तिने आत्ताही नावं ठेवली असती.

तिने फडकं तारेवर टाकलं, कपडे खळबळायला आणलेली चांगल्या पाण्याची बादली उचलली आणि सगळं पाणी खालच्या फांदीवर भिरकावलं. काळं पाणी ठिबकलं. मागे उरली ती पानं हिरवी होती.

वरच्या फांद्या तशाच होत्या. ती दुसरी बादली भरायला आत गेली.